संगणक 'ऑटोमॅटिक रिपेअर'वर अडकलाय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

रात्री संगणक चालू होता आणि लाइट गेली. सकाळी बटण दाबलं तर विंडोजचं चिन्ह आलं, खाली गोल फिरणारे ठिपके, 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' अशी ओळ, मग 'डायग्नोजिंग युवर पीसी' आणि शेवटी निळा पडदा. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की ऑटोमॅटिक रिपेअरला तुमचा पीसी दुरुस्त करता आला नाही. बंद करून परत चालू केला तरी तेच. तालुक्याच्या दुकानात फोन लावला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "विंडोज उडाली. घेऊन या, फॉरमॅट मारावं लागेल."

फॉरमॅट मारणं म्हणजे निदान सी ड्राइव्ह तरी पुसून नवीन विंडोज टाकणं. विंडोज परत मिळते. पण त्याच सी ड्राइव्हवर, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा डेस्कटॉपवरच, बागेचा तीन वर्षांचा हिशोब असतो, दूध संकलनाच्या नोंदी असतात, पोरांचे स्कॅन केलेले दाखले आणि लग्नातले फोटो असतात. ते परत मिळत नाहीत. म्हणून या लेखात क्रम थोडा वेगळा ठेवलाय. आधी फाइली बाहेर काढायच्या, मग दुरुस्तीला हात घालायचा. इथे दिलेली माहिती विंडोज १० आणि विंडोज ११ साठी आहे. विंडोज ७ अजून कुणी वापरत असेल तर पडदे वेगळे दिसतील. त्या विंडोजला कंपनीने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट देणं बंद केलंय.

हे होतं कशामुळे

विंडोज सुरू होताना एकामागोमाग बऱ्याच फाइली वाचते. सुरुवातीची नोंद, मग ड्रायव्हर, मग रजिस्ट्री नावाची मोठी नोंदवही. यातली एखादी फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती अर्धवट राहते. पुढच्या वेळी विंडोज तिथे येऊन अडखळते. लागोपाठ दोनदा सुरुवात फसली की ती आपण होऊन दुरुस्तीच्या पडद्यावर जाते. म्हणजे हा पडदा येणं हा स्वतः काही बिघाड नाही. विंडोजने पायरी चढायचा प्रयत्न केला, जमला नाही, म्हणून ती ओट्यावर बसली, एवढंच.

वीज हे सगळ्यात मोठं कारण. त्यातही लाइट गेल्यावर लगेच येते, परत जाते, पुन्हा येते, तो खेळ जास्त वाईट. दुसरं कारण अपडेट चालू असताना संगणक बंद करणं. 'अपडेट चाललंय, बंद करू नका' असं लिहिलेलं असतं, पण बाहेर जायची घाई असते आणि हात बटणाकडे जातो. तिसरं कारण म्हातारी झालेली हार्ड डिस्क. चौथं कारण फार कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपणं. ही २०३२ क्रमांकाची ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की तारीख मागे जाते आणि बायोसची सेटिंगं मूळ पदावर येतात. डिस्क कुठल्या पद्धतीने वाचायची हे सेटिंग बदललं की विंडोज 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं म्हणून थांबते. डिस्क ठणठणीत, विंडोज ठणठणीत, दोष बॅटरीचा. जुन्या डेस्कटॉपवर रोज तारीख चुकीची दिसत असेल, वेबसाइट उघडताना घड्याळ मागे असल्याचा इशारा येत असेल, तर आधी ती बॅटरी बदला आणि बायोसमधलं डिस्कचं सेटिंग पूर्वीसारखं करून घ्या.

पहिल्या दहा मिनिटांत

संगणकाला लावलेलं सगळं काढा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, मोबाइलची केबल. फक्त कीबोर्ड, माऊस आणि पडदा ठेवा. विसरलेल्या पेन ड्राइव्हमुळे संगणक भलतीकडूनच सुरू व्हायला बघतो, हे दिसतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. मग वायर काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, पुन्हा वायर लावा आणि चालू करा.

आता कान द्या. डिस्कमधून टिक-टिक किंवा खरखर असा ठराविक अंतराने आवाज येत असेल तर इथेच थांबा. ती हार्ड डिस्क आतून मोडतेय. अशा डिस्कवर दुरुस्तीच्या कमांड चालवणं म्हणजे लंगड्या बैलाला औताला जुंपणं. संगणक बंद करून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे न्या. जितका कमी वेळ ती फिरेल तितकं आत काही उरण्याची शक्यता जास्त.

आवाज नसेल तर निळ्या पडद्यावर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' दाबा, मग 'ट्रबलशूट', मग परत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. इथे सहा-सात चौकोन दिसतात. तो निळा पडदाच येत नसेल, नुसते ठिपके फिरत असतील, तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून संगणक बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज दुरुस्तीच्या पडद्यावर येते. एरवी असं करू नये, पण इथे दुसरा इलाज नाही.

४८ आकडे विचारले तर

काही लॅपटॉपवर, विशेषतः विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर, या टप्प्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागितली जाते. ही ४८ आकड्यांची किल्ली असते. घाबरू नका आणि वाट्टेल ते आकडे टाकत बसू नका. डिस्क कुलूपबंद केलेली आहे आणि तिची किल्ली बहुतेक वेळा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, ज्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या खात्यात शिरलं की उपकरणांच्या यादीत ती सापडते.

अडचण कुठे येते, तर लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने स्वतःच्याच ईमेलने सगळं सुरू करून दिलेलं असतं. मग किल्ली त्याच्या खात्यात. किल्ली मिळाली नाही तर कुलूप उघडायला दुसरा रस्ता नाही, कुणी कितीही पैसे घेतले तरी. ज्यांचा लॅपटॉप आज नीट चालतोय त्यांनी आजच ते खातं कुणाचं आहे ते बघावं आणि किल्ली कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवावी.

विंडोज सुरू न करता फाइली काढायच्या

ही युक्ती फार जणांना माहीत नसते आणि हिला पैसे लागत नाहीत. रिकामा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावा. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. काळी खिडकी येईल, ओळीच्या सुरुवातीला एक्स हे अक्षर असेल. तिथे इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. नेहमीचं नोटपॅड उघडेल. आपल्याला लिहायचं काही नाही. 'फाइल'वर जाऊन 'ओपन' दाबा आणि खालच्या कप्प्यात 'ऑल फाइल्स' निवडा. आता डाव्या बाजूला 'धिस पीसी' दिसेल आणि त्यात सगळे ड्राइव्ह.

इथे एक गोष्ट नीट बघून घ्या, कारण पुढे तिचं काम आहे. दुरुस्तीच्या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. आपला नेहमीचा सी इथे डी किंवा ई म्हणून दिसू शकतो. ज्या ड्राइव्हमध्ये 'विंडोज' आणि 'यूजर्स' ही दोन्ही फोल्डरं आहेत तो आपला. त्याचं अक्षर कागदावर लिहून ठेवा.

'यूजर्स'मध्ये तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'डाउनलोड्स', 'पिक्चर्स'. फोल्डरवर उजवी क्लिक करून कॉपी, मग पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. किती कॉपी झालं हे दाखवणारी हिरवी पट्टी इथे येत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटते. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, चहा घेऊन या. एका दमात सगळं न घेता एकेक फोल्डर घ्या. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा डेस्कटॉपवर नसतो, तो बऱ्याचदा सी ड्राइव्हवर त्या सॉफ्टवेअरच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो. तोही शोधून घ्या. झाल्यावर पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर, नाहीतर मोबाइलला लावून दोन-चार फाइली उघडून बघा.

इतकं झालं की अर्ध्याहून जास्त लढाई जिंकली. पुढे काहीही बिघडलं तरी जाईल ती फक्त विंडोज.

सोप्याकडून अवघडाकडे

आधी 'स्टार्टअप रिपेअर' एकदा चालवा. तिने नकार दिला तर पुन्हा पुन्हा चालवण्यात अर्थ नाही. ती एसआरटीट्रेल नावाची नोंद फाइल लिहिते आणि तिचा पत्ता पडद्यावरच दाखवते. 'विंडोज' फोल्डरमध्ये 'सिस्टम३२', त्यात 'लॉगफाइल्स', त्यात 'एसआरटी'. वरच्या नोटपॅडच्या युक्तीने ती उघडता येते. सगळं वाचायची गरज नाही, शेवटाकडे 'रूट कॉज फाउंड' असं लिहिलेलं असतं, त्याच्या पुढची ओळ बघायची. तिथे एखाद्या फाइलचं नाव असेल तर ती फाइल खराब झालीय. अपडेटचा उल्लेख असेल तर दोष अपडेटचा. दुकानदाराला फोनवर ही ओळ वाचून दाखवली तर त्याचंही काम सोपं होतं.

नुकतंच अपडेट झालं होतं असं आठवत असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडा. त्यात दोन पर्याय असतात. आधी 'क्वालिटी अपडेट' काढून बघा, ते महिन्याचं छोटं अपडेट असतं. 'फीचर अपडेट' म्हणजे वर्षातून एखाद्या वेळेस येणारं मोठं.

'सिस्टम रिस्टोर' हा पर्याय मला सगळ्यात आवडतो. तो विंडोजला मागच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत नेतो आणि आपल्या कागदपत्रांना, फोटोंना हात लावत नाही. त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं मात्र जातात. पण बऱ्याच संगणकांवर ही सोय मुळात बंदच असते, त्यामुळे ऐन वेळी 'एकही रिस्टोर पॉइंट नाही' असं उत्तर येतं. संगणक सुरू झाला की पहिलं काम हे करा: शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'रिस्टोर पॉइंट' लिहा, सी ड्राइव्ह निवडा, 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन प्रोटेक्शन चालू करा.

'सेफ मोड'ही बघा. 'स्टार्टअप सेटिंग्ज', मग 'रीस्टार्ट', मग ४ चं बटण. इंटरनेटसकट हवं असेल तर ५. सेफ मोडमध्ये संगणक सुरू झाला तर विंडोज शाबूत आहे, एखादा ड्रायव्हर किंवा नवीन सॉफ्टवेअर आडवं येतंय. शेवटी काय टाकलं होतं ते आठवून काढून टाका.

कमांड चालवताना येणारे एरर

आता काळ्या खिडकीचं काम. लोक व्हिडिओ बघून कमांड टाइप करतात, एरर येतो आणि हात टेकतात. खरं तर यातले बरेचसे एरर बिघाडाचे नसतातच, ते चुकीच्या जागी चुकीची कमांड दिल्याचे असतात. कमांड इथे मराठी अक्षरांत सांगतोय, टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही. जागा सोडणं मात्र महत्त्वाचं. स्लॅश म्हटलं की प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ, आणि बॅकस्लॅश म्हटलं की बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या वर असलेली उलटी तिरपी रेघ. या दोन्हींत गल्लत झाली की कमांड चालत नाही.

पहिली डिस्क तपासणारी. सी-एच-के-डी-एस-के हे सलग, मग एक जागा सोडून ड्राइव्हचं अक्षर आणि त्याला चिकटून कोलन, परत जागा सोडून स्लॅश आणि एफ. दुरुस्तीच्या पडद्यावर असाल तर मघाशी कागदावर लिहिलेलं अक्षर वापरा. एफच्या जागी आर टाकलं तर डिस्कचा खराब झालेला भागही शोधला जातो, पण जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर त्याला कित्येक तास लागू शकतात. लाइटचा भरवसा नसेल तर आर नको. शेवटी 'फेल्ड टू ट्रान्सफर लॉग्ड मेसेजेस, स्टेटस ५०' अशी ओळ येते आणि लोक घाबरतात. ती ओळ निरुपद्रवी आहे. दुरुस्तीच्या पडद्यावर नोंद लिहायला जागा नसते, एवढाच तिचा अर्थ. डिस्कची तपासणी झालेली असते.

दुसरी विंडोजच्या फाइली तपासणारी. एस-एफ-सी, जागा, स्लॅश, लगेच एस-सी-ए-एन-एन-ओ-डब्ल्यू. आणि इथेच सगळ्यात जास्त भेटणारा एरर येतो: 'देअर इज अ सिस्टम रिपेअर पेंडिंग', म्हणजे एक दुरुस्ती अर्धवट आहे, संगणक रीस्टार्ट करून परत चालवा. रीस्टार्ट होत नाही म्हणून तर आपण इथे आलोय! याचं कारण असं की दुरुस्तीच्या पडद्यावर दिलेली ही कमांड आपली विंडोज तपासतच नाही, ती त्या एक्स नावाच्या तात्पुरत्या ड्राइव्हवरची छोटी विंडोज तपासायला बघते. तिला आपली विंडोज कुठे आहे हे सांगावं लागतं. म्हणून स्कॅननाऊनंतर जागा सोडून स्लॅश, ऑफबूटडीआयआर सलग, बरोबरचं चिन्ह, ड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश. परत जागा, स्लॅश, ऑफविनडीआयआर सलग, बरोबरचं चिन्ह, अक्षर, कोलन, बॅकस्लॅश आणि विंडोज. डीआयआर म्हणजे डी, आय, आर ही तीन अक्षरं. ऑफमध्ये दोन एफ, बूटमध्ये दोन ओ.

एवढं करूनही तोच एरर राहिला तर खरोखरच एखादं अपडेट अर्ध्यात लटकलंय. ते मागे घ्यायची कमांड अशी: डी-आय-एस-एम, जागा, स्लॅश, इमेज, कोलन, ड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, जागा, स्लॅश, क्लीनअप, आडवी रेघ, इमेज, जागा, स्लॅश, रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स हे तीन इंग्रजी शब्द जोडून. मग रीस्टार्ट. रात्री अपडेट चालू असताना लाइट गेली असेल तर बऱ्याचदा हीच कमांड कामी येते. चालू होणाऱ्या संगणकावर मात्र ती देऊ नका, ती फक्त सुरूच न होणाऱ्या विंडोजसाठी आहे.

समजा संगणक सुरू झाला, पण कधी हँग होतोय, कधी निळा पडदा येतोय. आता काम विंडोजच्या आतून करायचं. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत सीएमडी लिहून उजवी क्लिक, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. नुसतं उघडलं तर परवानगी नसल्याचा एरर येतो. आधी डीआयएसएम: ती अक्षरं, जागा, स्लॅश, ऑनलाइन, जागा, स्लॅश, क्लीनअप, आडवी रेघ, इमेज, जागा, स्लॅश, रिस्टोरहेल्थ सलग. ती चांगल्या फाइली इंटरनेटवरून आणते, त्यामुळे मोबाइलचा हॉटस्पॉट चालू ठेवा आणि त्या दिवशीचा डेटा शिल्लक आहे का बघा. टक्के मध्येच कुठेतरी, पुष्कळदा ६२ च्या आसपास, बराच वेळ थांबतात. खिडकी बंद करू नका. ती संपली की मग साधी एसएफसी स्कॅननाऊ.

या जोडीचे ठरलेले एरर ओळखून ठेवा. एरर ८७ म्हणजे टाइप करताना चूक, बहुतेक वेळा स्लॅशच्या आधीची जागा राहिलेली. एरर ५० म्हणजे ऑनलाइन असलेली कमांड दुरुस्तीच्या पडद्यावर दिली, ती तिथे चालत नाही, तिथे वरची इमेजवाली द्यायची. ०एक्स८००एफ०८१एफ म्हणजे चांगल्या फाइली सापडल्याच नाहीत. नेट तुटलं असेल किंवा विंडोजचं अपडेट बंद करून ठेवलं असेल. 'कुड नॉट स्टार्ट द रिपेअर सर्व्हिस' असं आलं तर 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' ही सेवा कुणीतरी बंद केलीय. सेवांच्या यादीत जाऊन ती 'मॅन्युअल'वर करा. संगणक वेगवान करतो म्हणून मिळणारी फुकट सॉफ्टवेअरं असले उद्योग करून ठेवतात.

एसएफसीने 'काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत' असं सांगितलं आणि डीआयएसएमनंतरही तेच राहिलं, तर कमांडचा नाद सोडा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' घेऊन किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवा आणि संगणक चालू असतानाच त्यातलं सेटअप चालवा. 'फाइली आणि अ‍ॅप ठेवा' हा पर्याय निवडला की सगळी विंडोज नवी होते आणि तुमची सॉफ्टवेअरं जागेवर राहतात. फॉरमॅटपेक्षा हे कितीतरी बरं, पण वेळखाऊ म्हणून दुकानात सहसा कुणी करत नाही. एक अडचण अशी की क्रॅक वापरून चालू केलेल्या विंडोजमध्ये मूळ फाइलीच बदललेल्या असू शकतात. त्या दुरुस्त केल्या की विंडोज लायसन्स मागते आणि दुरुस्त नाही केल्या तर एरर जात नाही.

आणखी एक प्रकार. काळ्या किंवा निळ्या पडद्यावर ०एक्ससी००००००एफ किंवा ०एक्ससी००००२२५ असं आलं, तर बहुधा सुरुवातीची नोंदच हरवलीय किंवा खराब झालीय. पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीचा पडदा उघडून बी-सी-डी-बूट सलग, जागा, अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, विंडोज अशी कमांड द्या. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं तर काम झालं. व्हिडिओत सांगतात ती बूटरेकची फिक्सबूट कमांड नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' म्हणते, तिच्यामागे दिवस घालवू नका.

'रीसेट धिस पीसी' दाबण्याआधी

हा शेवटचा पर्याय. त्यात 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असे दोन रस्ते. पहिला निवडला तरी सॉफ्टवेअरं सगळी जातात. मराठी टायपिंग, प्रिंटरचा ड्रायव्हर, हिशोबाचं सॉफ्टवेअर, सगळं परत टाकावं लागतं. आणि त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधला डेटा राहीलच याची खात्री नाही. पुढे 'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर ४ जीबीहून जास्त डेटा लागतो, रोजच्या दीड-दोन जीबीच्या प्लॅनवर ते जमणार नाही. 'लोकल रीइन्स्टॉल' निवडा. रीसेट करताना 'रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट सापडलं नाही' असा एरर येतो तेव्हा, संगणक सुरू होत असेल तर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत री-एजंट-सी सलग, म्हणजे आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी, मग जागा, स्लॅश, एनेबल अशी कमांड द्यावी.

दुकानात न्यायचाच झाला तर

सांगून न्या की आधी डेटा काढा, मग फॉरमॅट. शक्य असेल तर समोर बसा. डिस्क खराब निघाली आणि नवीन एसएसडी टाकली तर जुनी डिस्क मागून घ्या, ती तुमची आहे. तिच्यातून नंतरही काही निघू शकतं, शिवाय आधार, पॅन, बँकेचे कागद तिच्यावर असतात. जुन्या डेस्कटॉपला २५६ जीबीची एसएसडी टाकणं हा खर्च मला पटतो. तिच्यात फिरणारा भाग नसतो, धूळ आणि हादरे ती जास्त सोसते. पण लाइट गेल्यावर अर्धवट फाइल राहायची ती एसएसडीवरही राहतेच, त्यामुळे डेस्कटॉपला यूपीएस हवाच. घरातला इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाइट गेल्यावर अदलाबदलीला जो क्षण लागतो तेवढ्यातही संगणक बंद पडू शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते बघा.

विंडोज १० वाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: तिचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील अशी सोय कंपनीने दिली आहे; सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तिचा दुवा दिसतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, जुन्या डेस्कटॉपवर ते नसतं. त्यामुळे दुकानात कुणी "अकरा टाकून देतो" म्हणालं तर तुमच्या संगणकाला ती अधिकृतपणे चालते का, हे आधी विचारा.

आणि पडद्यावर 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं येऊन भोंगा वाजायला लागला तर तो विंडोजचा एरर नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो. फोन करू नका, कुणी सांगितलं म्हणून दुरून संगणक हाताळायचं अ‍ॅप टाकू नका. ब्राउझर बंद करा, होत नसेल तर संगणकच बंद करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला.